दहा हजारांतला जून

महिन्याचा बाजारखर्च आटोक्यात ठेवणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ज्यांना ती अवघड वाटते त्यांनी खुशाल माझ्याकडे शिकायला यावं. सकाळी दहानंतर मी मोकळाच असतो! नृपेन तरफदार म्हणतात मला. विमा कचेरीच्या हिशेब खात्यात उभा जन्म काढलाय. भल्याभल्या साहेबांची प्रवासबिलं मी लाल शाईने सोलून काढली आहेत. एका साहेबांनी लावलेलं टॅक्सीचं भाडं खरं मानायचं, तर ती टॅक्सी हावड्याहून पोहत आली असली पाहिजे, हे मी भर कचेरीत सिद्ध केलं होतं. अशा माणसाला वांगी-बटाट्यांचा हिशेब तो काय जड जाणार!

पण हे मल्लिकाला कोण सांगणार? मल्लिका म्हणजे माझी बायको. मे महिना संपता संपता एके सकाळी मी बाजारातून परतलो, तर ती दारातच उभी.

"अहो, वांगी आणायला गेला होतात ना?"

"हो. का?"

"मग पिशवीतून हे शेपूट कुणाचं बाहेर आलंय?"

"वांगी चांगली नव्हती. किडकी होती सगळी."

"म्हणून त्यांच्याऐवजी दीड किलोची कातला मासळी आणलीत? आपण दोघंच माणसं आहोत या घरात! मांजरसुद्धा शेजारच्यांची आहे!"

दोष माझा नव्हता, निमाईचा होता. मानिकतल्याच्या बाजारात निमाई मासे विकतो. मी वांग्यांकडे वळलो की तो माशांच्या ओळीतून अशी हाक मारतो, की जणू त्याचं घर पेटलंय आणि पाण्याची बादली माझ्याच हातात आहे. "दाऽऽदा! तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय!" आता कुणी आपल्यासाठी काही बाजूला ठेवलंय म्हटल्यावर माणुसकी असलेला माणूस काय करील?

"महिन्याला पंधरा हजार जातात," मल्लिका म्हणाली. "आपल्या पेन्शनमध्ये दहा बसतात. तुम्हांला नाही जमायचं ते. उद्यापासून बाजाराला मी जाते."

मी पिशवी छातीशी धरली. वाचकहो, आमच्याकडे पुरुषाच्या हातून बाजाराची पिशवी काढून घेणं म्हणजे काय, ते तुम्हांला कसं सांगू? कचेरीने खुर्ची काढून घेतली ती वयामुळे. ते सगळ्यांचंच होतं. पण रोज सकाळी पिशवी झुलवत निघायचं, माशाच्या कल्ल्यात बोट घालून विद्वानासारखं "हं" म्हणायचं, हेच तर उरलंय आता! ती पिशवी गेली तर सकाळी उठायचं कशासाठी?

"जून महिना मला दे," मी गरजलो. "दहा हजारांत करून दाखवतो! एक रुपया वर गेला तर पिशवी तुझी!"

"आणि पाकीटही," मल्लिका शांतपणे म्हणाली.

जून मी उगीच निवडला नव्हता. जूनमधला खर्चाचा डोंगर म्हणजे जमाईषष्ठी, जावयांचा सण. जावयाला बोलवायचं, सासूने हातपंख्याने वारा घालायचा आणि सासऱ्याने पाकिटाला वारा घालायचा! पण आमची झुमुर आणि जावई ऋतव्रत बंगळुरात. कामामुळे यंदा येणं जमणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. तेव्हा मी तोंडाने "अरेरे" म्हणालो होतो. मनात पेढे वाटले होते.

पहिल्या तारखेपासून मी कामाला लागलो. बाजाराची वेळ बदलली. सकाळी सातला न जाता दुपारी बाराला जायचं, म्हणजे भाजीवाले उठायच्या घाईत असतात आणि दुधीचा उरलेला अर्धा तुकडा देऊन टाकतात. निमाईची ओळ टाळायला मागच्या गल्लीने वळसा. तरी तो दुकान धुताना दिसायचाच, म्हणून त्या बाजूला छत्री आडवी धरायची. मऊ पडलेले टोमॅटो, वाकडे पडवळ, आणि माशाऐवजी डाळीचे वडे! दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातात एवढे पैसे शिल्लक होते, की मी ते मोजून पुन्हा मोजले. केवळ आनंदासाठी!

इकडे छत्रीआडून जात असलेल्या माझ्याकडे निमाई रोज बघत होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याचं एक पैशाचं देणं लागत नव्हतो. मग दादा तोंड का लपवतात, हे त्याला कळेना. आणि मासा का घेत नाहीत? आमच्या मुलखात माणूस धड असताना मासा सोडतो, हे कुणाच्या बापाला खरं वाटायचं नाही. मासा सोडण्याची कारणं दोनच. एक तर डॉक्टरने हात टेकले, नाही तर बँक बुडाली! निमाईने आपल्या परीने दोन्ही धरून ठेवली आणि गिऱ्हाइकांना मासा साफ करून देताना सोबत तीही देऊ लागला.

त्या गिऱ्हाइकांत आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुहठाकुरताबाई होत्या. बाईंचं मन त्यांच्या आडनावाइतकंच मोठं. संध्याकाळी त्या वाडगा घेऊन वर आल्या. केळफुलाची भाजी, आणि तीत भरघोस कोळंबी.

"सहज केली होती," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक इस्पितळात फळं ठेवून बघतात. "दादा, जपा हं. पैसा काय, येतो-जातो."

"बघ!" त्या गेल्यावर मी मल्लिकाला म्हणालो. "फुकटची कोळंबी! नशीबही काटकसरी माणसाच्या बाजूने असतं!"

दुसऱ्या दिवशी घरभर गोविंदभोग तांदळाचा वास सुटला. स्वयंपाकघरात डोकावलो तर दूध आटत होतं, काजू तुपात पोहत होते.

"हे काय चाललंय?"

"पायेश. त्यांचा वाडगा परत करायचाय ना? रिकामा देऊ?"

"मग बत्तासा टाक की त्यात एक!"

"कोळंबीच्या वाडग्यात बत्तासा?" मल्लिकाने पळी उगारली. "माझ्या माहेरी कळलं तर मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत!"

पायेश गेली. गुहठाकुरताबाई ती खाऊन रडल्या म्हणे. एवढ्या हलाखीतही पायेश करून पाठवली! असल्या मानी माणसांना उपाशी कसं ठेवायचं? दोन दिवसांनी वर आला माशाच्या कोफ्त्यांचा डबा. तो वाडग्याच्या दुप्पट! मग आमच्याकडून नारळ घातलेली चण्याची डाळ आणि लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या. मग त्यांच्याकडून मटण. दोन मजल्यांमध्ये भांडी अशी ये-जा करू लागली, की जिन्याला पुढे वेळापत्रक लावावं लागतंय की काय असं वाटलं. प्रत्येक फुकट घास माझ्या दहा हजारांना कुरतडत होता!

शेवटी मी युक्ती काढली. मटणाचं पातेलं परतच करायचं नाही. महिना संपला की बघू.

तीन दिवसांनी गुहठाकुरताबाई नवीकोरी दोन पातेली घेऊन आल्या. "ही ठेवून घ्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "भांडी विकण्यापर्यंत पाळी आली आणि सांगितलंसुद्धा नाहीत?"

त्याच रात्री झुमुरचा फोन.

"बाबा, खरं सांगा. काय झालंय?"

"काही नाही ग. काटकसर चाललीय."

"बाबा, खालच्या काकूंचा फोन आला होता. तुम्ही मासा सोडलात म्हणे!"

"बजेट आहे ते. तुझ्या आईशी पैज लावलीय."

मग झुमुर हुंदका देत म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हांला असं सांगायला सांगितलंय का?"

खरं बोलण्याचा मला आयुष्यात एवढा कमी उपयोग कधी झाला नव्हता.

जमाईषष्ठीची सकाळ उजाडली. दाराची घंटा वाजली. दार उघडतो तो काय! बाहेर ऋतव्रत! एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रक्तदाब मोजायचं यंत्र! वाकून नमस्कार केला आणि उठता उठता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"बाबा, हलू नका. झुमुरला सुट्टी नाही मिळाली, म्हणून मीच पहाटेच्या विमानाने आलो."

यंत्राने रक्तदाब वाढलेला दाखवला. दाखवणारच! समोर जावई उभा, तिथी षष्ठी, आणि महिन्याच्या पैशांतले कसेबसे बाराशे रुपये शिल्लक!

"आणि आई," ऋतव्रत मल्लिकाकडे वळला, "मी षष्ठीच्या जेवणासाठी अजिबात आलेलो नाही. कसलाही खर्च करायचा नाही. मुगाची खिचडी टाका. मला आवडते."

गुणी मुलगा हो! जिन्यातून तेवढ्यात आवाज आला. गुहठाकुरताबाई यजमानांना सांगत होत्या, "ऐकलंत का? षष्ठीच्या दिवशी जावयाच्या पानात खिचडी! काय दिवस आले बिचाऱ्यांवर!"

मल्लिकाने मला स्वयंपाकघरात ओढलं. खुंटीवर पिशवी लटकत होती.

"हे बघा," ती हळूच म्हणाली, "तो स्वतःच्या तोंडाने खिचडी मागतोय. खिचडी टाकते. बाराशेत उरलेला महिना निघेल. पैज तुम्ही जिंकलात. पिशवी तुमचीच राहील."

मी पिशवीकडे बघितलं. जिंकलेला होतो मी! फक्त गप्प बसायचं होतं. मुगाची डाळ भिजत घालायची आणि गप्प बसायचं. पण डोळ्यांसमोर चित्र आलं. कपाळाला टिळा, मनगटाला पिवळा दोरा, सासू पंख्याने वारा घालतेय, आणि ताटात, काय म्हणे, तर खिचडी! तीही तरफदारांच्या घरात! माझ्या वडलांनी कर्जाच्या दिवसांतही आपल्या जावयाला इलिश माशाचा पोटाकडचा तुकडा वाढला होता.

मी खुंटीवरची पिशवी ओढली. दुसऱ्या हाताने कपाटातला लिफाफा. घरपट्टीचे पैसे ठेवलेला.

"अहो, छत्री!" मल्लिका मागून ओरडली.

"नको!" मी जिन्यातून गरजलो.

भर गर्दीच्या वेळी मी माशांच्या ओळीत छाती काढून शिरलो. "निमाई! सगळ्यात मोठा इलिश काढ!"

बाजार थबकला. निमाईच्या हातातलं पाणी सांडलं. "दादा! बरे झालात?"

"मला झालं काय होतं? काढ! आणि कोळंबी, ती मोठी, मिशांवाली!"

"भाव नाही विचारणार?"

"भाव?" मी चहूकडे बघत आवाज चढवला. "तरफदार षष्ठीच्या दिवशी भाव विचारत नाहीत!"

निमाईने या वाक्याचा पुरेपूर मान राखला. वाटेल तो भाव लावला! तिथून मटण, मग हिमसागर आंबे, मग मिष्टी दोईचं, म्हणजे गोड दह्याचं, मडकं. सगळ्यांना दिसावं म्हणून इलिशचं शेपूट मी मुद्दाम पिशवीबाहेर काढून ठेवलं आणि घरी जाताना लांबचा रस्ता धरला. जिन्यात गुहठाकुरताबाबू भेटले. त्यांनी शेपटाकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा," ते कळवळून म्हणाले, "एवढं कर्ज काढायला नको होतंत."

आता या माणसाला काय करावं? मी त्या दोघांनाही जेवायला बोलावलं.

जेवण काय झालं म्हणता! मोहरीतला इलिश पानात पडला तेव्हा ऋतव्रत म्हणाला, "मी आपली नुसती चव बघतो." मग त्याने पाच तुकड्यांची चव बघितली. कोळंबीची चव बघितली. मटणाची बघितली. बंगळुरात बसून काट्यांची सवय मोडली असेल म्हणून मी चोरून नजर ठेवली होती, पण पठ्ठ्याने जिभेने काटे असे वेगळे केले, की मला गहिवरून आलं. मुलगी योग्य घरी पडली होती! गुहठाकुरताबाईंनी पैजेची हकिगत ऐकली आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "म्हणजे मी इतके दिवस धडधाकट माणसाला मटण पुरवत होते?" पंखा हातात तसाच धरून मल्लिका हसत होती. वारा कधी जावयाला, कधी मला. बऱ्याच दिवसांनी घरात एवढा गलका होता.

रात्री ऋतव्रत झोपल्यावर मल्लिकाने माझ्यासमोर तळहात पसरला. मी त्यावर पाकीट ठेवलं. वर पिशवी ठेवली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "खिचडी टाकू दिली असतीत ना, तर पिशवी राहिली असती, पण मी महिनाभर बोलले नसते तुमच्याशी." पाकीट मात्र तिने कमरेला खोचलंच!

एक जुलैची सकाळ. सातला उठून मी खिडकीत पडेल चेहऱ्याने बसलो होतो. मल्लिका साडी बदलून आली आणि माझ्या मांडीवर काहीतरी पडलं. पिशवी!

"चला. ओझं कोण उचलणार?"

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. ती पुढे, पाकीट घेऊन. मी मागे, पिशवी घेऊन. पहिल्याच दिवशी ती वांग्यांकडे वळली आणि निमाईने वहिनीला हाक घातली, "बौऽऽदी! तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय!" मी श्वास रोखला. मल्लिका थांबली. कल्ल्यात बोट घातलं. "हं," म्हणाली. आणि माझ्या पिशवीत सव्वा किलोचा इलिश येऊन पडला!

"अगं, बजेट!" मी किंचाळलो.

"बजेटातच आहे."

"दहा हजारांत?"

"दहा तुमचं होतं," ती वांगी निवडत म्हणाली. "मी पंधरा ठेवलंय. वरचे पाच झुमुरच्या लग्नासाठी भरत होतो त्या भिशीचे. लग्न होऊन दोन वर्षं झाली, भिशी आपण अजून भरतोच आहोत. गेल्या आठवड्यात मी ती बंद करून आले. तुमच्या लक्षात नव्हतं आलं?"

तर सांगायचा मुद्दा असा, की महिन्याचा बाजारखर्च आटोक्यात ठेवणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ज्यांना ती अवघड वाटते त्यांनी खुशाल आमच्या घरी यावं. मल्लिका सांगेल. फक्त सकाळी दहानंतर या. त्याआधी मी पिशवी धरून उभा असतो.