कामांची पंगत

आमच्या एजन्सीत कामं स्वतःच्या पायांनी चालत येतात, आणि आत आल्यावर पुढचं टेबल कुठलं हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या माणसाला जाहिरातीच्या धंद्यात ट्रॅफिक कोऑर्डिनेटर म्हणतात. आमचे कोऑर्डिनेटर पाडव्याला मुलाकडे नाशिकला राहायला गेले, आणि तेव्हापासून सांगलीच्या गावभागातल्या आमच्या दोन खोल्यांत नुसता गोंधळ होता.

काम म्हणजे काही फार मोठं नसतं. व्हिजिटिंग कार्ड खिशात मावतं. लग्नपत्रिका मांजराएवढी असते आणि सारखी दाराकडे बघते. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल मात्र वासराएवढा असतो, धापा टाकत जिना चढतो आणि वर आला की झोपतो. प्रत्येकानं आधी माझ्याकडे यायचं आणि मजकूर लिहून घ्यायचा, मग फिरोजकडे जाऊन चित्र आणि मांडणी करून घ्यायची, आणि तयार झालं की आपल्या पायांनी छापखान्यात जायचं. मी अजित मगदूम, मालक. फिरोज मुजावर आमचा चित्रकार. तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे कामं वाट्टेल तिकडे फिरत होती. एका बारशाच्या पत्रिकेवर कीटकनाशकाचा मजकूर गेला. बियाण्याचं एक पत्रक कंटाळून मिरजेला दुसऱ्या एजन्सीत निघून गेलं. दुर्लक्ष झालं की कामं जातात, त्यांना तरी काय बोलणार.

एकच काम गेलं नव्हतं. ते सहा वर्षं माझ्या टेबलाखाली पडून होतं. ते आमच्याच पाटीचं काम होतं.

ही एजन्सी मी आणि प्रमोद शिंत्रे अशा दोघांनी काढली. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून आमचं भांडण झालं. तो म्हणाला मगदूम-शिंत्रे, कारण तू चांगली नोकरी सोडून आलास. मी म्हणालो शिंत्रे-मगदूम, कारण खोल्या तुझ्या मावशीच्या. सुरुवातीला दोघं हसत होतो. मग आवाज चढले. मग मी म्हणालो की तुला माझा मोठेपणा बघवत नाही, आणि तो म्हणाला की तूच मला लहान करतोयस. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि जिना उतरून गेला. मी खोल्या सोडायला निघालो, तर त्याची मावशी ऐकेना, म्हणून खोल्या माझ्याकडे राहिल्या. प्रमोद आता चार गल्ल्या पलीकडे गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवतो. मला त्या बाजूला काम निघालं की मी लांबून वळसा घालून जातो.

तर आमच्या दारावर पाटी नाही. लोक 'ते बिनपाटीचं ऑफिस' असाच पत्ता सांगतात. पाटीचं काम मात्र दुपारी मी डबा खायला बसलो की माझ्या पायाला टेकून बसायचं. त्याची ऊब लागायची. मला त्याची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला हात न लावणारा कोऑर्डिनेटर मला हवा होता.

मुलाखतीला तिघं आले. पहिल्यानं प्रत्येक कामाच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी बांधली, तेव्हा सगळी कामं घाबरून कपाटाखाली शिरली. दुसरा कामांशी इंग्रजीत बोलला. त्यांना ते समजलं असावं, पण एकही जागचं हललं नाही. तिसऱ्या शालन कोरे. वय पंचावन्न, हातात कापडी पिशवी. अर्जात अनुभवाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'मंगल कार्यालयात पंगत सांभाळणे, सव्वीस वर्षे.'

"आणि आता का सोडलंत?" मी विचारलं.

"मी कुठं सोडलं? लोकांनी बसायचं सोडलं," त्या म्हणाल्या. "आता बुफे असतोय. ज्याचं त्यानं घ्यायचं नि उभ्यानं खायचं. त्यात सांभाळायचं काय ओ?"

"एका वेळी किती पानं बघितलीत?"

"तीनशे. कुणाला मीठ नाही पोचलं, कुणाचा भात संपला, कुणाला मागायची लाज वाटतीय. सगळं बघायला लागतंय."

फिरोजनं ते वहीत लिहून घेतलं. "आणि उशिरा आलेल्याचं काय करता?"

"त्याला मध्ये बसवायचं. टोकाला बसवलं की त्याला वाटतं, आपल्याला विसरले."

"एखादा फारच सावकाश जेवत असेल तर?"

"मग बाकीच्यांनी थांबायचं. शेवटच्याचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पंगतीला एवढा एकच नियम आहे, बाकीची नुसती सोय."

नियम मला आवडला. तो आपल्यालाही लागू पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जाताना त्यांना वार्षिक अहवाल जिन्यात आडवा पडलेला दिसला. त्याला ओलांडून जाण्याऐवजी त्या पायरीवर टेकल्या. "दमलंस होय? बस जरा. सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. अहवालाची धाप थांबली. आम्ही त्यांना सोमवारपासून यायला सांगितलं.

सोमवारी शालनताईंनी पिशवीतून सतरंजीच्या पट्ट्या काढल्या आणि भिंतीशी अंथरल्या. अकरा कामं ओळीनं बसवली. मग त्या ओळीतून फिरत राहिल्या आणि आम्हाला सांगत राहिल्या. "ह्याला मजकूर वाढा, कोरडं पडलंय." "त्या पत्रिकेला आणखी लाल नको, बास म्हणतीय." "कोपऱ्यातल्याला चित्र हवंय, पण मागायला लाजतंय." फिरोज इतकी वर्षं चहावर दिवस काढायचा, तोही वेळेवर जेवायला लागला. कामांनी दाराकडे बघणं सोडलं.

फोनही त्याच घ्यायच्या. पलीकडून कुणी म्हणालं की फार अर्जंट आहे, तर त्या सांगायच्या, "आत्ताच पानावर बसलंय ओ." सांगलीत जेवणाऱ्याला कुणी उठवत नाही. पलीकडचा माणूस ओशाळून म्हणायचा, मग राहू द्या, सावकाश होऊ द्या.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, त्या माझ्या टेबलाखाली झाडायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"हे कोण?"

"ते राहू द्या," मी म्हणालो.

"राहू द्या काय? उपाशी आहे की."

मी आणखी काही बोलायच्या आत त्यांनी पाटीचं काम उचललं आणि पंगतीत मधोमध बसवलं. बाकीची सरकून बसली.

शुक्रवारी दुपारपर्यंत अकराच्या अकरा कामं तयार झाली. वार्षिक अहवाल त्याच संध्याकाळी छापखान्यात पोचायला हवा होता, कारखान्याची सभा तोंडावर आली होती. मी म्हणालो, चला. एकही उठलं नाही. सगळी मधल्या पाटीकडे बघत बसली. तिच्या अंगावर सहा वर्षांपूर्वीच्या पेन्सिलच्या दोन रेघा होत्या आणि बाकी काही नव्हतं. मी आणि फिरोजनं अहवाल उचलून दारापर्यंत नेला. आम्ही हात सोडल्यावर तो परत आला आणि आपल्या जागी बसला.

"ताई, उठवा त्यांना," मी म्हणालो.

"मी कशी उठवू? ह्याचं व्हायचंय."

"ह्याचं सहा वर्षं झालेलं नाही."

"कुणी वाढलंच नाही, तर होणार कसं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. शालनताईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे भरल्या पानावरून उठले ते."

"हो."

"आणि तुम्ही बोलवायला गेला नाही."

"चूक त्याची होती."

"पान मांडल्यावर चूक कुणाची, हे बघत नाहीत दादा. जाऊन या."

"तुम्ही गेलात तर?"

"वाढप्याचं बोलावणं चालत नाही. घरच्यानं जायचं असतंय." त्यांनी माझ्या चपला दारातून उचलून सरळ करून ठेवल्या. "पान वाढलंय, चल. एवढंच म्हणायचं. त्याच्यापुढं एक शब्द बोलू नका, नाहीतर पुन्हा भांडाल."

मी निघालो. या वेळी वळसा घातला नाही. सहा वर्षं मी मनातल्या मनात रोज प्रमोदशी भांडलो होतो आणि प्रत्येक वेळी जिंकलो होतो, पण त्याच्या गल्लीत वळताना त्यातलं एक वाक्य आठवेना. मला भीती वाटत होती. तो नाही म्हणाला असता तर मला पुन्हा कधी वळसासुद्धा घालता आला नसता.

तो स्टुलावर बसून एका स्कूटरच्या प्लेटवर सात काढत होता. कानावरचे केस पांढरे झाले होते. चष्मा नवा होता. त्यानं वर बघितलं.

"पम्या, पान वाढलंय. चल."

त्यानं मान खाली घातली आणि सात पूर्ण केला. ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. मी उभा होतो.

"कितीजण थांबलेत?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"अहवाल पण?"

"हो."

"मग बसून राहायला नको," असं म्हणून तो उठला आणि त्यानं शटर अर्धं ओढलं. वाटेत आम्ही काही बोललो नाही. मला बोलायची बंदी होती. तो का बोलला नाही, ते मला माहीत नाही.

शालनताईंनी पाटीच्या दोन बाजूंना दोन पाट मांडले होते. प्रमोदला त्यांनी प्यायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला म्हणून घाई करू नका." सहा वर्षांपूर्वीची पेन्सिल माझ्या खणात होती. ती मी त्याला दिली. त्यानं टोक बघितलं, बसला, आणि पहिल्या झटक्यात 'मगदूम' मधला 'म' काढला.

"आधी शिंत्रे," मी म्हणालो.

पेन्सिल थांबली. फिरोज छताकडे बघायला लागला. पंगतीतल्या अकरा कामांनी श्वास रोखला.

"अज्या, परत सुरू करू नकोस."

"मी नाही सुरू केलं. तू म काढलास."

"मग तुझं नाव कशानं सुरू होतंय?"

त्याचा आवाज चढत होता आणि माझाही. तेवढ्यात पाटीच्या कामानं कूस बदलली. सहा वर्षं ते एकाच कुशीवर पडून होतं, त्यामुळे त्याची दुसरी बाजू कुणीच बघितली नव्हती. ती स्वच्छ कोरी होती.

"दोन बाजू आहेत की त्याला," शालनताई म्हणाल्या.

"भिंतीला चिकटवायची नाही," फिरोज सावकाश म्हणाला. "दारातून गल्लीत बाहेर काढून लावायची. देवळाकडून येणाऱ्याला एक नाव आधी दिसेल, नदीकडून येणाऱ्याला दुसरं."

मी आणि प्रमोद बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिलो. एवढी साधी गोष्ट होती. मला प्रमोदची फार लाज वाटली आणि स्वतःची त्याहून जास्त, आणि त्याचा चेहरा बघून कळलं की त्याचंही तसंच झालंय.

त्यानं त्याच्या बाजूला 'मगदूम-शिंत्रे' रेखलं. दुसऱ्या बाजूला 'शिंत्रे-मगदूम' मी स्वतः लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण प्रमोदनं त्यातलं काही दुरुस्त केलं नाही, फक्त वर रंग भरला. शालनताई ओळीतून दोनदा फिरल्या आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

पाच वाजता पाटी तयार झाली. आधी अहवाल उठला, अंगानं तोच मोठा. मग सगळी एकदम उठली आणि एकामागून एक जिना उतरून छापखान्याकडे गेली. लग्नपत्रिका शेवटच्या पायरीवर थांबून मागं बघून गेली. पाटीला फार लांब जायचं नव्हतं. ती दारापर्यंत चालत गेली, चौकटीवर चढली, गल्लीत निम्मी बाहेर झुकली आणि तिथंच राहिली. शालनताईंनी पट्ट्या गुंडाळल्या.

पाटी गेल्यावर टेबलाखाली गार लागेल, हे मी धरून चाललो होतो. शनिवारी दुपारी डबा उघडला आणि माझ्या पायाला काहीतरी ऊबदार लागलं. वाकून बघितलं तर प्रमोदचा पाय होता. तो समोर बसून त्याच्या डब्याचं झाकण उघडत होता. ते अडकलं होतं. एकमेकांना पाय लागला की हात लावून नमस्कार करायची पद्धत आहे. त्यानं केला नाही, मीही केला नाही, आणि पायही कुणी काढला नाही.

शालनताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि आमच्या मध्ये ठेवून गेल्या.