पहिल्या खळग्यातले सासरे

प्रश्न १. चूक कोणाकडून झाली?

कोणाकडूनही नाही! अकरा वर्षं मी या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळतोय आणि आजवर एकाही थेंबाने माझी तक्रार केलेली नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी चूक-नोंदीचा हा फॉर्म टेबलावर आपटला म्हणून भरतोय, एवढंच. उत्तराला दोन ओळींची जागा आहे. दोन ओळींत माणूस फार तर माफी मागू शकतो. भांडायला पुरवणी लागते. ती मी जोडतोय. वाचकहो, न्याय तुम्हीच करा!

प्रश्न २. काम काय चाललं होतं?

लस घेतली की अंगातल्या संरक्षक पेशी जाग्या होतात. कोणत्या आणि किती, हे आम्ही त्यांची जनुकं वाचून ठरवतो. सातव्या दिवशी रक्त घ्यायचं, पेशींचा अर्क शहाण्णव खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये भरायचा, प्लेट यंत्रात सरकवायची. एक खळगा, एक माणूस. एक माणूस कमी पडत होता.

"सासरे आणतो!" मी म्हणालो.

सासरे बहात्तर वर्षांचे, निवृत्त व्यायामशिक्षक.

"लस कशाला? तीस वर्षांत मला शिंक आलेली नाही, जावईबापू!"

"बाबा, मागच्या थंडीत नऊ दिवस ऑक्सिजनवर कोण होतं?" बायकोने विचारलं.

"तो न्यूमोनिया होता. शिंक नव्हती."

शेवटी लेकीच्या रडण्यापुढे नमले आणि पहिला डोस घेतला. सातव्या दिवशी पहिल्या खळग्यात सासरे, शेवटच्या खळग्यात खुद्द मॅडम!

प्रश्न ३. गोपनीयतेचा भंग झाला का?

मुळीच नाही! निकाल मी फक्त घरी जेवताना सांगितला.

"बाबा, तुमच्या पेशी म्हणजे वाघ! शहाण्णवांत पहिला नंबर!"

झालं! सासऱ्यांनी हे जिन्यात सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं. तीन शेजारी त्यांचा दंड चाचपून गेले. मग जाहीर झालं, "दुसरा डोस झोपाळू पेशीवाल्यांसाठी असतो. मी घेणार नाही!"

थंडी महिन्यावर आलेली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवर अजून लस निघालेली नाही.

प्रश्न ४. चूक कशी लक्षात आली?

'चूक' हा तुमचा शब्द. असो.

"पहिल्या खळग्यात कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"माझे सासरे."

"त्यांच्यात एक जनुक जोरात चालू आहे. ते फक्त बायकांच्या पेशींत चालू असतं."

"असतं एखाद्याचं!"

"आणि माझ्या खळग्यात ते साफ बंद आहे!"

मी छाती काढून म्हणालो, "यंत्र बिघडलंय!" मेकॅनिक आला. यंत्र ठणठणीत. "मग मॅडम, तुम्हीच एकदा स्वतःला..." पुढचं वाक्य मी गिळलं. नाहीतर हा फॉर्म भरायला मी नोकरीत उरलोच नसतो.

मॅडमनी एक रिकामी प्लेट माझ्या नाकासमोर धरली.

"हिचा एक कोपरा तासलेला का असतो?"

"शोभेला?"

"दिशा कळावी म्हणून! तुम्ही प्लेट उलट्या बाजूने सरकवलीत. पहिला शेवटचा झाला, शेवटचा पहिला!"

माझं म्हणणं एवढंच, की कशीही फिरवली तरी ती यंत्रात बसते. मग दोष बनवणाऱ्याचा की माझा?

प्रश्न ५. दुरुस्ती काय केली?

(हा रकाना तीन दिवस कोरा होता.)

"घरी जाऊन सांगा," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या दुसऱ्या डोसची तारीख उद्याच आहे."

मी गेलो.

"बाबा, त्या पेशी तुमच्या नव्हत्या. आमच्या मॅडमच्या होत्या."

"आणि माझ्या?"

"तुमच्यातल्या काहींनी कूस बदलली होती. बस."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"म्हणजे तुम्ही चुकलात?"

"तसं नाही, प्लेट जरा फिरली..."

"फिरली की फिरवलीत? हे पाहा, तुम्ही चुकला नसाल तर निकाल बरोबर. निकाल बरोबर असेल तर मी वाघ. आणि वाघ दुसरा डोस घेत नाही!"

वाचकहो, आहे का यावर उत्तर? अकरा वर्षं मी तो एक शब्द उच्चारला नव्हता. बायको दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"चुकलो," मी पुटपुटलो.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही!"

"चुकलो!!"

"शाब्बास! उद्या किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी सासरे बाही वर करून नर्ससमोर ताठ बसले. मीही रुबाबात पुढे झालो. "सिस्टर, मी यांचा जावई. प्रयोगशाळेत असतो. काही मदत?"

"सिस्टर," सासरे म्हणाले, "सुई यांच्या हातात देऊ नका. उलटी धरतील."

नर्सने मला दाराबाहेरची खुर्ची दाखवली. मी बसलो. सरळ बाजूनेच बसलो, याची नोंद घ्यावी!