दाखल क्रमांक ६२१४

दोन जुलैला आलेल्या एका पत्राचं उत्तर मी बरेच दिवस दिलं नाही. पत्र लहान होतं आणि मागणी एकच होती, त्यामुळे उत्तर सोपं होतं. अडचण मायन्यापासून सुरू झाली. पत्र लिहिणारी मुलगी एकोणीस वर्षांची. 'चि.' लिहावं तर ती संस्थेची खेळाडू, 'कु.' हल्ली मुलींना आवडत नाही असं ऐकलेलं, आणि 'श्रीमती' वाचून तिच्या आजीने काय अर्थ काढला असता कोण जाणे. मी चौदा खर्डे केले. चौदाही मायन्यापाशी थांबले.

पत्र असं होतं: "अंकल, नमस्ते. महिला फुटबॉल लीगमधला एक क्लब मला फॉरवर्ड म्हणून घेणार आहे. माझा पहिला प्रो कॉन्ट्रॅक्ट आहे. त्यांना माझ्या मूळ संस्थेचं ना-हरकत पत्र ३१ ऑगस्टच्या आत पाहिजे, ओरिजिनल, पोस्टाने. नाही पोचलं तर ते दुसरी मुलगी घेतील. क्लबचा पत्ता खाली दिला आहे. चुकलं असेल तर सॉरी, मराठी लिहायची सवय नाही. निशिगंधा, विद्यानगर."

मूळ संस्था म्हणजे आम्ही: तेलुगू मुलखातल्या नल्लकुंट्यातलं 'मराठी वाचनालय व क्रीडा मंडळ'. नावात क्रीडा आहे, कारण संस्थापकांना कोणीतरी एक कॅरम बोर्ड देणगी दिला होता. मी इथला मानद चिटणीस. सहा वर्षांपूर्वी निशिगंधाच्या शाळेतले पीटीचे सर आले. मुलींच्या जिल्हा स्पर्धेसाठी त्यांना एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा शिक्का हवा होता. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी शिक्का मारला. त्या शिक्क्याखाली ती पुढे राज्याच्या संघात गेली. हे आम्हाला कोणी कळवलं नाही आणि आम्ही कोणाला विचारलं नाही.

जबाबदारी एकट्याने घेण्याची मला कधीच सवय नव्हती. मी पत्र कार्यकारिणीपुढे ठेवलं.

अध्यक्ष लक्ष्मणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"एकनाथराव, आपल्याकडे एक खेळाडू आहे?"

"असावी, असं वाटतं."

"वाटतं काय? नोंद कुठं आहे?"

नोंद नव्हती.

"मग जी गोष्ट आपल्या दप्तरी नाहीच, ती द्यायला आपली हरकत नाही असं आपण कुठल्या तोंडानं लिहायचं?"

आधी नोंद, मग हरकत, मग हरकत नसणं, असा क्रम ठरला.

संस्थेत नोंदवह्या दोन. एक जडसंग्रहाची, तिच्यात पंखे, खुर्च्या आणि तो कॅरम बोर्ड. दुसरी पुस्तकांची. क्रीडासाहित्य जडसंग्रहात जातं, असं पडताळणीचं काम पाहणाऱ्या दत्तोबांचं म्हणणं पडलं.

"धावती पोरगी जड कशी हो?" कार्यकारिणीतल्या एकमेव बाई भाग्यलक्ष्मी म्हणाल्या.

तेव्हा निशिगंधाची नोंद पुस्तकांत झाली. दाखल क्रमांक ६२१४. शीर्षक: निशिगंधा. लेखक: वडील, संघपाल.

"अन् आई?" भाग्यलक्ष्मीबाईंनी विचारलं.

आईचं, म्हणजे भामा यांचं नाव 'साहाय्य' म्हणून कंसात घेण्यात आलं. प्रकाशनवर्ष २००६. आवृत्ती पहिली. पृष्ठांचा रकाना माझ्या विनंतीवरून कोरा ठेवला.

क्रमांक पडल्यावर नियम लागू झाले. पुस्तक बाहेर जाईल ते सभासदाकडे, पंधरा दिवसांसाठी. क्लबच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा हे त्यांना सांगणं माझ्या वाट्याला आलं.

"सर, लीग पाँच महीने चलती है," ते म्हणाले.

"नूतनीकरण होतं. फक्त दर वेळी इथल्या खिडकीवर आणून दाखवावं लागेल."

"लड़की को?"

"हो. दहा वेळा."

त्यांनी अदबीने विचारलं, "किसी सीनियर से बात हो सकती है?"

"सत्तरीच्या आतलं आमच्याकडे कोणीच नाही," मी म्हणालो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वार्षिक पडताळणी आली. पडताळणीत प्रत्येक पुस्तक आपल्या जागी असावं लागतं, नाहीतर ते गहाळ समजलं जातं. निशिगंधाला निरोप गेला. ती सरावाच्या कपड्यांत आली, बूट पिशवीत. क्रीडा विभागाच्या कपाटात सुदैवाने एकही पुस्तक नव्हतं. मधल्या फळ्या काढून तिथे तिला उभं केलं.

"सहा हजार दोनशे चौदा?" दत्तोबांनी यादीवर बोट ठेवलं.

"हौ, मीच."

"बांधणी?"

"क्या?"

दत्तोबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि स्वतःच लिहिलं, 'बांधणी मजबूत. डाव्या बाजूस खालून खरचटलेलं.'

"अंकल, अजून कित्ता वेळ? चार वाजता प्रॅक्टिस आहे."

"यादी पुरी होईपर्यंत जागा सोडता येत नाही, बेटा," दत्तोबा म्हणाले.

"कायकू? मी काय हरवून राहिले का?"

"हरवू नये म्हणूनच तर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच तालिकेच्या खणातली कार्डं वर्णानुक्रमे लावायला घेतली. ती आधीच वर्णानुक्रमे होती.

चोवीस ऑगस्टच्या बैठकीत सगळं जुळून आलं होतं. नोंद झाली होती, पडताळणी झाली होती, कोणाचीही हरकत नव्हती. मी कोरा कागद आणि शिक्का घेऊन बसलो होतो. तेवढ्यात लक्ष्मणराव म्हणाले, "एक बारीकशी गोष्ट आहे. सात सप्टेंबरला आपला वर्धापनदिन. व्याख्यानाचा विषय 'मुलींना मैदान मोकळं करा'. पाहुण्यांना गुच्छ द्यायला खरीखुरी खेळाडू मुलगी हवी. मी तिच्यासाठी मागणी नोंदवून ठेवली आहे."

मागणी नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

"आठवड्याचाच तर प्रश्न आहे," दत्तोबा म्हणाले.

"मुदत एकतीसला संपते," मी म्हणालो. बहुधा मनात म्हणालो असेन, कारण कोणी वळून पाहिलं नाही. ठराव एकमताने झाला. त्यात निशिगंधाच्या उज्ज्वल कारकिर्दीबद्दल अभिनंदनाचं एक वाक्यही होतं, ते मीच घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात तिची आजी आली. सरुबाई. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"साहेब, माझ्या नातीला तुमी कपाटात ठिवली म्हणं?"

"तात्पुरती. नोंदीपुरती."

"कपाटातच ठिवायची आसती तर आमी नसती का ठिवली? घरी दोन कपाटं हायती. हाफ चड्डीवर पळती म्हणून भावकी बोलली, शेजार बोलला, तिचा बाप बी दोन दिस जेवला न्हाई. मी म्हणले, पळू द्या. त्ये सगळे आडानी व्हते, ऐकलं त्यांनी. आता शिकल्यालं मानूस हाय म्हणून भ्या वाटतंय." तिने पदराने तोंड पुसलं. "सा दिस ऱ्हायल्यात."

ती गेल्यावर मी संस्थेची घटना पहिल्या पानापासून वाचायला घेतली. इतकी वर्षं चिटणीस असून मी ती कधी पूर्ण वाचली नव्हती. वाचनालयात तसं कोणी काही वाचत नाही. कलम एकोणीस असं होतं: 'वाळवी लागलेले पुस्तक चिटणीसाने त्याच दिवशी संग्रहातून बाद करावे. ठराव मागाहून घ्यावा.' अख्ख्या घटनेत चिटणीसाला एकट्याने करता येईल असं हे एवढंच काम होतं.

मी ६२१४ समोर लिहिलं, 'बाद. कारण: वाळवी.' वाळवी नेमकी कोण, असा रकाना नव्हता. असता तर पहिली सही माझी असती.

मग पत्र लिहिलं. ते क्लबच्या नावे असल्यामुळे नुसतं 'महोदय' पुरलं. चौदा खर्डे करताना हे सुचलं नव्हतं. 'सदर खेळाडू आमच्या संग्रहात राहिलेली नाही. तिने कुठेही खेळावे. आमची हरकत नाही.' शिक्का थोडा तिरपा उठला.

नल्लकुंट्याच्या टपाल कचेरीत ओळखीचं कोणीतरी भेटतंच, म्हणून मी लांबच्या कोठी भागातल्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाने स्पीड पोस्टचा पत्ता मोठ्याने वाचला.

"फुटबॉल क्लब? आप खेलते क्या, चाचा?"

"मी नाही. एक मुलगी आहे आमची."

"अच्छा! कैसा खेलती?"

मागे रांग होती. दोन महिन्यांत तिच्यावर तीन बैठका, एक पडताळणी आणि दोन ठराव झाले होते, आणि हा प्रश्न कोणाच्याही तोंडून आला नव्हता.

"मालूम नहीं," मी म्हणालो.

त्याने मला एकदा खालपासून वर पाहिलं, लिफाफ्यावर ठप्पा मारला आणि तो मागच्या पोत्यात टाकला. "परसों पहुँच जाता," तो म्हणाला.

परतताना मला वाचनालयाच्या सभासदांची फार लाज वाटत होती, आणि आता, क्षमा करा, थोडी तुमचीही वाटते. तिचा दाखल क्रमांक एव्हाना तुम्हाला पाठ झाला असेल. तिने गोल किती केले, हे तुम्हीही अजून विचारलेलं नाही.