भाऊरावांचा नो ट्रम्प

पत्ते खेळताना सुपारीची डबी मांडीखाली दाबून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे भाऊराव. डबी चोरणार कोण? जिनिंगच्या आवारातल्या खोलीत आम्ही चौघंच जमायचो. मी कापसाचा अडत्या, सरकारी डॉक्टर, भाऊराव अन् त्यांचे जोडीदार म्हातारे तात्या वकील. साऱ्या कारंज्यात ब्रिज येणारे एवढेच!

ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्या जोडीतला एकच खेळतो, ज्यानं तो रंग आधी बोलला तो. दुसरा आपले पत्ते उघडे मांडून गप्प बसतो. तो डमी. तात्यांनी पत्ते मांडले की भाऊरावांची समाधी लागे. डोळे मिटून, बोटं मोजत, कोणता हात कधी घ्यायचा याचा विचार. डॉक्टर बाहेर विडी ओढून आले तरी पहिला पत्ता हलत नसे. मी कावलो की म्हणत, "पह्यला पत्ता पडला का पडला, बापा. घाई कायले?"

आता गंमत बघा. एवढा हिशेबी माणूस, पण तात्यांनी "एक इस्पिक" म्हटलं की हा झटक्यात "तीन नो ट्रम्प!" हातात चांगली इस्पिकं असली तरी! म्हणजे डाव हुकुमाविना, अन् ती बोली आधी याची, म्हणून खेळणार हाच. अन् मग हमखास बुडणार. वर आम्ही पत्ता टाकला की मोठ्यानं कुरकुर, "आली का किलवरची राणी!" येता-जाता तात्यांची बाही धरून कानाशी लागलेला. तात्याही आपले पत्ते अगदी नाकाला लावून बसत. माझी खात्री झाली, या दोघांच्या काहीतरी खुणा आहेत.

एका संध्याकाळी तात्या "एक इस्पिक" म्हणाले अन् माझं टाळकं सटकलं.

"भाऊराव, आज नो ट्रम्प म्हणाल तं मी पत्ते फेकून उठतो. तात्याले खेळू द्या की एखाद्या वेळी!"

"काहून? तुमच्या पोटात काय आहे?" त्यांनी मला निरखलं. पण तात्या हसले, "खेळतो ना मी."

"चार इस्पिक," भाऊराव पुटपुटले अन् डमी झाले.

डॉक्टरांनी बदामचा राजा टाकला. तात्या टेबलावर ओणवे झाले, बोटं चाचपडली, अन् त्यांनी भाऊरावांच्या पत्त्यांतून चौकटचा एक्का ओढला. बदामचा एक्का शेजारीच होता. "घेतला हात!" म्हणाले, खुशीत.

डमीनं ब्र काढायचा नाही, हा नियम भाऊरावांचाच. ते ओठ दाबून बसले होते, चेहरा पांढराफटक. खुणा कसल्या, तात्यांना पत्ते धड दिसतच नव्हते, अन् तो नो ट्रम्प, ती कुरकुर, सारं ते झाकायला! बायको गेल्यावर, कोर्ट सुटल्यावर तात्यांना हे टेबल तेवढं उरलं होतं. दिसत नाही हे चव्हाट्यावर आलं तर ते पुन्हा यायचे नाहीत.

डॉक्टरांनी तोंड उघडलं, तशी मी खालून लाथ घातली.

"थांबा तात्या, घाई कायले? मले कंदिलात लाल पत्ते सारे सारखेच दिसून राह्यले. डॉक्टरनं बदाम टाकला का चौकट? आजपासून ज्यानं पत्ता टाकला त्यानं मोठ्यानं नाव घ्यायचं!"

"बदामचा राजा," डॉक्टर पाय चोळत म्हणाले.

"असं होय? मग बदामचा एक्का द्या, भाऊराव," तात्या म्हणाले. "अन् अडते, तुमी डोळे तपासून घ्या बरं."

भाऊराव माझ्याकडे बघत राहिले, नेहमीसारखेच संशयानं. मग मांडीखालची डबी काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"एकच घ्या," ते म्हणाले.