वाहूळ मावशींची डबल बेल

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाहूळ मावशींकडे टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळायला जाणार असाल, तर एक नियम आधी समजून घ्या. पडद्यावर तीन-दोन-एक होऊन हिरवा दिवा लागला, म्हणून गाडी हलवायची नाही. सोफ्याच्या वर छताला एक घंटा टांगलेली आहे, तिची दोरी मावशींच्या हाताशी असते. त्या दोरी दोनदा ओढतात. टण टण झालं की निघायचं आणि एकच टण झालं की जिथं असाल तिथं थांबायचं. तोवर बाकीच्या गाड्या धुरळा उडवत कधीच निघून गेलेल्या असतात. मी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे त्यायला. काळ्यापिवळ्या हायेत त्या. म्होरं पॅसेंजर भरायला थांबतेतच."

थांबत एकही नाही. पण कंडक्टरशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

मावशी एसटीत कंडक्टर होत्या आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी पैठणच्या गाडीवर काढली. निवृत्त झाल्या तेव्हा नांदेडहून मुलीनं विचारलं, आई, तुला छानशी पैठणी घेऊ का? मावशी म्हणाल्या, पैठण्या नेसलेल्या बाया जन्मभर गाडीत कोंबल्या, आता मला तुझ्या नवऱ्याकडं आहे ते गाडी चालवायचं यंत्र दे. आयुष्य ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहण्यात गेलं, जरा पुढं बसून बघते. यंत्र आलं, आणि यजमान गेल्यापासून सुनं असलेलं ते घर संध्याकाळी गजबजू लागलं.

गजबजू लागलं म्हणजे दोन माणसं येऊ लागली. एक मी. विमा कार्यालयातून सुटलो की मावशींच्या हातची सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, खायला जायचो. ते कसे भिजवावेत हे त्या बाईंकडून शिकावं. दुसरे रफिकभाई, मावशींच्याच गाडीचे ड्रायव्हर. तेही निवृत्त झालेले. शहागंजहून स्कूटरवर यायचे, सोफ्याच्या उजव्या टोकाला बसायचे आणि हरायचे. सगळी हयात मोठी गाडी हाकलेला हा माणूस खेळात का हरतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग लक्षात आलं. उजवं वळण आलं की रफिकभाई सवयीनं उजवा हात सोफ्याबाहेर काढून मागच्यांना इशारा देत. उरलेल्या एका हातानं कसली गाडी वळतेय? भिंतीवर आदळायची. मावशी एकदा घंटा वाजवून आपलीही गाडी थांबवायच्या. अपघात झालेल्या गाडीला टाकून पुढं जायचं नसतं म्हणे.

अशा स्वस्थचित्त बाईला एकच विषय पेटवू शकायचा. घरबसल्या दुसऱ्या गावच्या माणसाशी खेळायचं तर कंपनीला दरवर्षी वेगळी फी द्यावी लागते. माझ्याकडेही तसलं यंत्र आहे आणि मी ती फी मुकाट भरतो. मी समजावून सांगायचो, मावशी, त्यांचे मोठाले सर्व्हर असतात, ते चालवायला खर्च येतो, लबाडी करणाऱ्यांना हाकलायला माणसं ठेवावी लागतात.

"मग यंत्राचे पैसे कामून घेतले? गेमचे घेतले, इंटरनेटवाला घेतो ते निराळेच," मावशी म्हणायच्या. "माणूस तिकीट काढून गाडीत बसला. आता मी त्याला म्हणू का, शेजारच्या पॅसेंजरशी बोलायचं असंल तर अजून पैसे काढ?"

एकदा मी म्हणालो, स्टँडवर मुतारीचे वेगळे पैसे घेतातच की. मावशींनी सुशीलेची बशी माझ्यासमोरून उचलून रफिकभाईंपुढं ठेवली आणि म्हणाल्या की ते बी त्यांना कधी पटलं नव्हतं.

कंपनीच्या मदत केंद्रालाही त्यांनी फोन लावला होता. तिकडच्या मुलीनं आधी नियम ऐकवले, मग मावशींनी तिला एसटीचे ऐकवले. शेवटी ती पोरगी म्हणे सुशीलेत शेंगदाणे आधी घालायचे की नंतर, ते विचारत होती. फी मात्र कमी झाली नाही. मावशींचा ठराव कायम राहिला, खेळायचंय तर घरी या. आणि रफिकभाईंचं अनुमोदन ठरलेलं, "बाई बोले सो बराबर."

मग रफिकभाईंच्या मुलाला हैदराबादेत नोकरी लागली आणि तो आईबापांना घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी रफिकभाई आले, एक शर्यत हरले, चहा प्यायले. मावशींनी सुशीलेचा डबा दिला.

त्यानंतर मी जायचो, खेळायचो, पण मजा नव्हती. सोफ्याच्या उजव्या टोकाला मावशी मला बसू देईनात. माझी गाडी वळणावर आपटत नसल्यानं घंटेला कामही उरलं नाही. मी म्हणालो, तिकडं रफिकभाईंच्या नातवाचं यंत्र आहे, त्यांची फी भरलेली आहे, तुम्हीही भरून टाका. त्या म्हणाल्या की तत्त्वाचा प्रश्न हाय. मी थट्टेत म्हटलं, मग बसा तत्त्वाबरोबर शर्यत खेळत. मावशी हसल्या नाहीत. मला वाईट वाटलं.

गेल्या रविवारी सकाळी वरून मोठ्यानं बोलल्याचा आवाज आला, म्हणून मी जिना चढलो. मावशी डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन चढवून बसल्या होत्या. मी फक्त भुवया वर केल्या.

"भरले," त्या म्हणाल्या. "पन पटलं नाय. तसं कंपनीवाल्यायला फोनवर सांगूनच भरले."

पडद्यावर देशोदेशीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. मावशींच्या लाल गाडीशेजारी एक निळी गाडी होती. तीन, दोन, एक, हिरवा दिवा. सगळ्या काळ्यापिवळ्या सुसाट सुटल्या. मावशींच्या हेडफोनची वायर घंटेच्या दोरीत अडकली होती, ती त्या सोडवत बसल्या. निळी गाडी जागची हलली नाही. हैदराबादेत ना दोरी, ना रागावणारी कंडक्टर. खुशाल निघून जाता आलं असतं.

हेडफोनमधून मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं आवाज आला, "बाई, डबल बेल नै आयी अब्बी."

मावशींनी वायर सोडवली, हेडफोन काढून त्याचा माइक घंटेजवळ धरला आणि दोरी दोनदा ओढली. निळी गाडी निघाली. तिच्या मागं लाल निघाली. पहिलं उजवं वळण आलं आणि निळी गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली.

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मग एकदा घंटा वाजवली आणि आपली गाडी थांबवली.