दातारांचा खड्डा

श्यामसुंदर दातारांनी खड्ड्याची पूजा करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मनात देवाधर्माचा लवलेशही नव्हता. त्यांना फक्त एका सरकारी खात्याची लाज काढायची होती. (असेल त्याचीच काढता येते, हे जन्मभर बँकेत कारकुनी करूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.)

खड्डा धायरीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकासमोरच होता. खात्यानं तो पाइप टाकायला म्हणून खणला, माती कडेला रचली, आणि मग पाइप काही आलाच नाही. रिक्षा सोडा, सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे. एरवी दातारांनी वर्तमानपत्राला एक खमंग पत्र पाठवून हात झटकले असते. पण त्यांची हेमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला नववा लागला आणि दातारांची झोपच उडाली. ऐन वेळी पोरीला दवाखान्यात न्यायचं कसं?

"तुम्ही न्या उचलून," मंदाकिनीबाई एकदा म्हणाल्या, मग नवऱ्याच्या खांद्यांकडे बघून त्यांनी तो विषय सोडून दिला.

हेमाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच दातारांनी कोर्टात दावा लावला होता. वकील न करता. "कुणीतरी एक माणूस नावानिशी जबाबदार धरलाच पाहिजे!" हे ते दाढी करताना म्हणत, जेवताना म्हणत, दूधवालीलाही ऐकवत. खातं मात्र दर वेळी येऊन नम्रपणे पुढची तारीख मागून घेई. तेव्हा दातारांना पूजा सुचली. खड्ड्याला हार, पुढ्यात नारळ, पेपरात फोटो, की साहेबलोक शरमेनं धावत येतील!

"नारळ फोडायचा तर गुरुजी हवेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"अगं, थट्टा आहे ती!"

"तुमची असेल. नारळ खरा आहे ना?"

झालं. गुरुजी आले, कलश आला, दातारांना सोवळं नेसावं लागलं. पेपरात फोटोही छापून आला. त्यात दातार डोळे मिटून हात जोडून बसले होते. (उदबत्तीचा धूर डोळ्यांत गेला होता, पण फोटोत धूर दिसत नाही, भक्ती दिसते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या मथुराबाई खड्ड्याला हळदकुंकू वाहताना दिसल्या. दातार चपला न घालताच खाली धावले.

"मथुराबाई, अहो, ती पूजा थट्टेनं केली होती!"

"आसंल. पर माझ्या संपतचं लगीन कालच जुळलं. किती वर्सं आडलं हुतं, तुमास्नी ठावं हाय का?"

आठवडाभरात खड्ड्याला झेंडा आला आणि दर मंगळवारी सकाळी आरती सुरू झाली. वर्गणी मागायला लोक आधी दातारांकडे आले, कारण यजमान तेच.

पुढच्या तारखेला खात्याच्या वकिलानं मुदत मागितली नाही.

"साहेब, आम्ही खड्डा उद्या बुजवू," वकील म्हणाला, "पण तिथे रीतसर पूजा चालते. जनतेच्या भावना दुखावल्या तर? आणि यजमान पाहा कोण आहेत!" त्यानं फोटो पुढे केला.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "दातार, शपथेवर सांगा. ही पूजा आपण श्रद्धेनं केलीत की थट्टेनं?"

दातारांनी मागे पाहिलं. मागच्या बाकांवर आरतीची सगळी मंडळी टेम्पोनं येऊन बसली होती. मथुराबाईंच्या मांडीवर प्रसादाचा डबा होता आणि त्या मोठ्या मायेनं हसत होत्या. थट्टेनं म्हणावं तर धायरीत परत जायची सोय नाही, श्रद्धेनं म्हणावं तर हेमाचं काय? आतून कुणीतरी ढकलल्यासारखा शब्द बाहेर आला, "श्रद्धेनं."

"मोठ्यानं बोला."

"श्रद्धेनं, साहेब."

पुढचा आदेश होईपर्यंत खड्डा जैसे थे ठेवावा, असं कोर्टानं फर्मावलं. बाहेर मथुराबाईंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. घरी हेमा एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही खड्डा वाचवून आलात?" त्या दिवशी दातार जेवले नाहीत.

आणि नेमक्या मंगळवारी, ऐन आरतीत, हेमाला कळा सुरू झाल्या. रिक्षा खड्ड्यापलीकडे थांबली. हेमाला धड जिना उतरवेना. दातार खड्ड्याच्या काठावर येरझाऱ्या घालत अक्षरशः रडकुंडीला आले. "मथुराबाई, काहीतरी करा हो! पोरीचे हाल बघवत नाहीत!"

मथुराबाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. "आसं व्हय! मग आधी न्हाई का सांगायचं?" त्यांनी कलश आणि नारळ उचलून भिंतीकडेला नेऊन ठेवले आणि हात जोडले. "देवा, जरा सरकून बस. पोरगी आडलीया."

मग त्यांनी संपतला हाक मारली. माती तिथेच कडेला पडलेली होती. मंडळी फावडी घेऊन भिडली आणि हेमा खाली येईपर्यंत खड्डा भरलासुद्धा. रिक्षा थेट फाटकापर्यंत आली. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. दवाखान्यात दातार मुलासारखे रडले आणि येईल त्याला पेढे वाटत सुटले.

इतके महिने खात्याचा जो साहेब फिरकला नव्हता, तो दुसऱ्याच दिवशी येऊन रस्त्याचे फोटो काढून गेला. बारशाच्या सकाळी नोटीस आली. दातारांना चष्मा सापडेना, म्हणून मंदाकिनीबाईंनी वाचली. कोर्टाचा आदेश मोडून, आणि शपथेवर सांगितलेल्या स्वतःच्याच श्रद्धास्थानाचा भंग करून, सदर खड्डा बुजवण्यात आला आहे. खात्यानं सखोल चौकशी करून जबाबदारी निश्चित केली आहे. श्री. श्यामसुंदर गोविंद दातार यांनी खड्डा स्वतः पूर्ववत करून द्यावा.

"घ्या," मंदाकिनीबाईंनी कागदाची घडी घातली. "धरला एकदाचा नावानिशी."

मंदाकिनीबाई पाळण्याला झेंडूची माळ बांधायला वळल्या.

"फक्त पाहुणे परत जाईपर्यंत खणू नका. रिक्षा आत येऊ देत."