नवा कोरा फाटका आवाज

डिस्टॉर्शन पेडल कसं निवडावं, या विषयावर मी तुम्हाला आत्ता, उभ्या उभ्या, दोन तास भाषण देऊ शकतो! तीन आठवडे अभ्यास केलाय मी. घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढी एक लोखंडी पेटी. गिटारची वायर तिच्यात जाते, तिथून निघून स्पीकरला जाते. पेटीवर एक बटण असतं, ते पायाने दाबायचं. दाबलं की गिटारचा गोड, स्वच्छ आवाज फाटतो, खरखरतो, गुरगुरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस फार चिडलाय आणि फार भारी वाजवतोय. माझ्या बाबतीत यातलं पहिलं खरं नाही. दुसरंही नाही.

तुमच्यापासून काय लपवायचं! मला पेडल हवं होतं ते चुका झाकायला. स्वच्छ आवाजात बोट जरा इकडचं तिकडे झालं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. फाटक्या आवाजात सगळं एकमेकांत मिसळून जातं, आणि चूकसुद्धा मुद्दाम केल्यासारखी वाटते. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दिवसभर प्रुफं वाचायची आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. मग स्वतःच्या चुका कशा लपवायच्या, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

छापखान्यात आमचा चौघांचा बँड आहे. मशीनमन ड्रम वाजवतो आणि दादागिरी करतो. बाइंडर बेस वाजवतो, फोनवर बसणाऱ्या बाई गातात, आणि मी गिटार. दर रविवारी सकाळी कागदाच्या गोदामात दोन तास तालीम असते. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या आठवड्यात तसं फारसं काही घडत नाही हो. ते दोन तास मला जिवापाड आवडायचे.

आणि एका रविवारी मशीनमनने बॉम्ब टाकला.

"हे बघ, काना-मात्रा," तो म्हणाला. मला सगळे याच नावाने हाक मारतात. "छापखान्याच्या वर्धापनदिनाला तुझा वीस सेकंदांचा सोलो आहे. नीट झाला तर गिटार तुझी. नाही झाला तर त्या नवीन डिझायनर बाईंना घेऊ. त्या गिटार वाजवतात."

"मग मी काय करतो?"

बाइंडर खिडकीबाहेर बघायला लागला.

तीन आठवडे नुसताच अभ्यास चालला होता, आता दुसऱ्याच दिवशी मी वाद्यांच्या दुकानात! दुकानाच्या मालकीणबाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकावर ओढलेल्या. काउंटरवर गिटारच्या तारा गुंडाळत बसल्या होत्या.

"डिस्टॉर्शन पेडल दाखवा," मी रुबाबात म्हणालो.

"वाजवता कसं?"

"बरं वाजवतो."

"तसं नाही, कुठल्या प्रकारचं वाजवता? जड, हलकं, जुनं, नवं?"

"जे वाजवतो ते कुणाला कळणार नाही, अशा प्रकारचं."

बाईंनी चष्मा वर केला आणि मला नीट बघून घेतलं. मग तीन पेडलं मांडली. पहिल्याचा आवाज डबीत अडकलेल्या माशीसारखा होता. दुसरं इतकं सभ्य होतं की फाटायच्या आधी परवानगी मागेल असं वाटलं. तिसरं दाबलं मात्र, आणि शोकेसची काच थरथरली! मी ओळीने चार चुका केल्या, एकही ऐकू आली नाही.

"हेच!" मी ओरडलो.

"हे गेनचं बटण, म्हणजे आवाज किती फाडायचा त्याचं. ते अर्ध्याच्या पुढे नेऊ नका," बाई म्हणाल्या. "नाहीतर नुसता गाळ होतो."

"गाळच हवाय," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.

घरी येऊन मी खोलीत सगळं जोडलं. गेनचं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं, पेडल दाबलं आणि तारांवर हात फिरवला. तेवढ्यात घरातले दिवेच गेले!

"कुणी हात लावू नका कशाला!" अंधाऱ्या पॅसेजमधून सासऱ्यांचा आवाज आला. "मी मेन स्विच बंद केलाय! कुठंतरी जबरदस्त शॉर्ट झालंय!"

सासऱ्यांचं सांगायला हवं. मी त्यांना बाबाच म्हणतो. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. खरखर ऐकून ते रेडिओचं पोट उघडण्याआधीच दुखणं सांगायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, दुकान बंद झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून त्यांचा सोल्डरिंग गन, पकडी आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा कपाटात फडक्यात बांधून पडलेला. हल्ली कुणी काही दुरुस्त करतं का? बिघडलं की आपण नवीन आणतो. बाबा बिचारे पेपर वाचायचे, तोच पेपर दुपारी पुन्हा वाचायचे. मला ते बघवायचं नाही, पण करायचं काय, तेही सुचायचं नाही.

दिवे आले. बाबा खोलीत आले आणि पेडलकडे आजारी पोराकडे बघावं तसं बघायला लागले.

"जावईबापू, याचा आवाज फाटतोय."

"हो बाबा, तो तसाच असतो."

"नवीन आहे?"

"अगदी नवीन! आजच आणलंय."

त्यांनी हळूच मान हलवली. चेहऱ्यावर अशी दया, की मलाच कसंतरी झालं.

"बघू का जरा उघडून?"

"छे, छे! तुम्ही कशाला त्रास घेता? असू दे, मला असंच आवडतं."

आता तुम्हीच सांगा, यात गैरसमज होण्यासारखं काय आहे? पण दुसऱ्या दिवशी बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अहो, बाबांना फार वाईट वाटतंय तुमच्यासाठी."

"का?"

"म्हणतात, दुकानदाराने जावयाच्या गळ्यात बिघडलेलं यंत्र मारलं. आणि जावई इतके भिडस्त, की सासऱ्याला काम कसं सांगायचं म्हणून 'असंच आवडतं' म्हणतात."

"अगं, पण खरंच असंच आवडतं मला!"

"असा आवाज कुणाला आवडेल? मला वाटलं मिक्सरमध्ये चमचा पडला."

मी बाबांना नीट समजावून सांगायला गेलो. "बाबा, हे मुद्दाम फाटावं म्हणूनच बनवलेलं असतं. जितकं जास्त फाटेल तितकं महाग."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मन मोठं आहे तुमचं," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत पेपरकडे वळले.

पुढचे तीन-चार रविवार मी स्वर्गात होतो! तालमीत पेडल दाबलं की सोलो म्हणजे नुसती गर्जना. बाइंडर म्हणाला, "काय वाजवतोस कळत नाही, पण जोरदार आहे." मशीनमनही "ठीक" म्हणाला, आणि त्याच्या तोंडून 'ठीक' म्हणजे हारतुरेच. डिझायनर बाई तालमीला येऊन कोपऱ्यात बसायच्या, काही न बोलता ऐकायच्या. मला त्यांची थोडी कीवसुद्धा आली!

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी स्मरणिकेची शेवटची प्रुफं होती, म्हणून मी दिवसभर छापखान्यात. गिटार आणि पेडल घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून थेट सभागृहात. बायको आणि बाबा मागून आले, पहिल्या रांगेत बसले. बाबांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता.

भाषणं संपली. आमचं नाव पुकारलं. मी स्टेजच्या पायरीवर पाय ठेवतोय, तोच बाबा गुडघे सावरत आले आणि माझ्या कानाशी वाकले.

"दुरुस्त केलंय," ते कुजबुजले.

"काय?"

"तुमचं यंत्र! काल तुम्ही गेलात आणि मी डबा सोडला. दोन वर्षांनी! कुणा गाढवाने आवाजाच्या वाटेत दोन डायोड घातले होते हो. आवाज जरा मोठा झाला की ते त्याचं डोकंच उडवत होते. काढून टाकले दोन्ही. आता बघा, आरशासारखा आवाज येतो की नाही!"

मी बाबांकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांचा चेहरा असा कधी दिसला नव्हता. काय बोलणार? "थँक्यू, बाबा," म्हणालो आणि वर चढलो.

गाणं सुरू झालं. मी मागे उभा राहून गपचूप साथ केली, तिथे कुणाचं लक्ष नसतं. मग मशीनमनने ड्रमवरून मान उडवली. सोलो! मी देवाचं नाव घेतलं आणि पेडल दाबलं.

आरसा कसला, भिंगच ते! आवाज दुप्पट मोठा आणि काचेसारखा स्वच्छ. पहिला सूर बरोबर लागला. दुसरा चुकला, आणि सभागृहभर घुमला. आणि सभागृहात बसलेलं कोण? छापखान्याची माणसं! त्यातली निम्मी चुका पकडून पोट भरणारी! तिसऱ्या रांगेत आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक बसले होते. तिसऱ्या चुकीला त्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

मी घाबरून पेडल पुन्हा दाबलं, म्हणजे बंद केलं. आवाज एकदम बारीक झाला, ड्रमखाली दबून गेला. सुटलो! आता काहीही वाजवलं तरी कुणाला ऐकू येणार नव्हतं. उरलेले पंधरा सेकंद असेच काढायचे, वायर ढिली होती म्हणून सांगायचं, की माझी जागा शाबूत!

तेवढ्यात माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली.

बाबांचा चेहरा पार उतरला होता. त्यांना वाटलं, यंत्र बंद पडलं. आपली दुरुस्ती फसली. चाळीस वर्षांत जे झालं नाही ते आज, सगळ्यांसमोर, जावयाच्या बाबतीत झालं. ते खुर्चीचा हात धरून उठत होते, आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढत होते.

मला ते सहन झालं नाही. मी पेडल दाबलं.

आणि उरलेला सोलो वाजवला! पूर्ण, मोठ्याने, स्वच्छ. एकूण अकरा चुका. वाजवता वाजवता मीच मोजल्या. नंतर ज्येष्ठ मुद्रितशोधक म्हणाले, बारा. बाबा मात्र परत खुर्चीत बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगत होते, "ऐकलंत? एक कण खरखर नाही!"

कार्यक्रम संपल्यावर मशीनमन माझ्याकडे आला. पाठोपाठ बाइंडर आला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

"काना-मात्रा," मशीनमन घसा खाकरत म्हणाला, "तुला कळलंच असेल."

"कळलं."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही," मी म्हणालो. वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं.

"आणि त्या पेडलला काय झालं रे? तो आवाज इतका स्वच्छ कसा?"

मी बाबांकडे बोट दाखवलं. मशीनमन तरातरा त्यांच्याकडे गेला. "तुम्ही केलंत हे? आमचा मोठा स्पीकर वर्षभर घूं घूं करतोय. दोन माइक मेलेत. बघाल का?"

"घूं घूं म्हणजे अर्थिंग असणार," बाबा तिथल्या तिथे म्हणाले. "रविवारी येतो की! जावईबापूंची तालीम असतेच, त्यांच्याबरोबर येईन."

डिझायनर बाईंनी मान खाली घातली. मशीनमनने डोकं खाजवलं.

"हो तर," मी म्हणालो. "मीच घेऊन येतो तुम्हाला."

तर आता दर रविवारी आम्ही स्कूटरवरून गोदामात जातो. बाबांचा डबा माझ्या पायाशी असतो. डिझायनर बाई माझ्या जागेवर वाजवतात, आणि खोटं कशाला बोलू, फार सुरेख वाजवतात. बाबांनी स्पीकर केला, माइक केले, आता लोक घरचे पंखे आणि इस्त्र्यासुद्धा आणून देतात. बाबांना पेपर वाचायला वेळ नाही. आणि मीही बँडमध्ये आहे बरं का! बाबा यंत्राच्या पोटात डोकं घालतात, तेव्हा मागून टॉर्च मी धरतो. तीन महिने झाले, अजून माझी एकही चूक निघालेली नाही.